पंखा कोणी बंद केला?

२०२४ च्या दिवाळीत साताऱ्याला आईकडे गेलो तेव्हा सामानात एक छोटं खोकं होतं. त्यात दोन पांढऱ्या डब्या, काडेपेटीहून थोड्या मोठ्या. भिंतीवरच्या बोर्डाच्या आत, नेहमीच्या बटणामागे ही डबी बसवायची आणि घरातल्या वायफायला जोडायची, की दिवा-पंखा फोनवरून लावता येतो, घालवता येतो. 'स्मार्ट स्विच' म्हणतात तो हा. पुण्यात आमच्याकडे तेव्हा वर्षभर हा प्रकार होता. आल्यागेल्याला दाखवण्यापलीकडे त्याचा फार उपयोग झाला नव्हता हे कबूल करतो. पण आईच्या घरी खरा उपयोग होईल असं मला मनापासून वाटत होतं.

कारणही तसंच होतं. आई ७८ वर्षांची. बाबा गेल्यापासून एकटी राहते. पुण्याला चल म्हटलं की म्हणते, "तिथे मी दिवसभर लिफ्टची दारं मोजू का?" गुडघे कुरकुरतात. रात्री दोनतीनदा उठावं लागतं, आणि तिच्या खोलीतलं दिव्याचं बटण दाराशी. म्हणजे अंधारात सहासात पावलं. त्या सहासात पावलांची मला पुण्यात बसून भीती वाटायची. उशाशी एक बटण असावं, एवढंच मला हवं होतं. हॉलमधला पंखा आणि ट्यूब मात्र निव्वळ माझा उत्साह. खोक्यात डब्या दोन होत्या ना!

वायरमन काकांना बोलावलं. हे बाबांच्या वेळेपासूनचे. आमच्या घराचं वायरिंग १९८४ सालचं, तेव्हा काका उस्तादाच्या हाताखाली शिकाऊ होते. त्यामुळे कुठली वायर कुठून गेली आहे हे त्यांना बोर्ड न उघडता माहीत. त्यांनी डबी हातात घेतली, उलटीपालटी केली, त्यावरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, "हिला न्यूट्रल लागणार."

हा न्यूट्रलचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण ही डबी घ्यायला निघालेल्या शंभरातल्या नव्वद जणांना तो दुकानदार सांगत नाही. साधं बटण म्हणजे फक्त एक दरवाजा. फेज येते, बटणातून पुढे दिव्याकडे जाते आणि दिव्यातून न्यूट्रलने परत. बटणाला स्वतःला वीज लागत नाही, म्हणून जुन्या घरांत बटणापर्यंत न्यूट्रल आणतच नसत. ती वरच्या वर, छताकडून दिव्याला जाते. पण या डबीला चोवीस तास जागं राहावं लागतं, वायफाय ऐकत बसावं लागतं. म्हणजे तिला स्वतःचं जेवण हवं. त्यासाठी बोर्डात फेज आणि न्यूट्रल दोन्ही पाहिजेत. ज्या बोर्डावर प्लगपॉइंट असतो तिथे न्यूट्रल आपसूक असते. आमच्या हॉलच्या बोर्डावर तो होता, काम वीस मिनिटांत झालं. आईच्या खोलीत दाराशी नुसती दोन बटणं. तिथे न्यूट्रल नव्हती.

न्यूट्रलशिवाय चालणाऱ्या डब्याही मिळतात. त्या दिव्यातूनच थोडी वीज चोरून जगतात. जुन्या पिवळ्या बल्बला ते चालायचं, पण एलईडीला एवढीशी वीजही पुरते. मग दिवा बंद केला तरी तो रात्रभर मिणमिणतो नाहीतर उघडझाप करतो. त्यावर उपाय म्हणून दिव्याला समांतर एक छोटा कपॅसिटर लावतात. काकांना हे सगळं ठाऊक होतं. "पण भानगड कशाला," म्हणाले. आणखी एक भानगड मीच सुचवली. कुठेतरी वाचलं होतं की अर्थिंगच्या वायरीला जोडलं तरी डबी चालते. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दहावीला गणितात नापास झालो होतो तेव्हा बाबांनीही तसं पाहिलं नव्हतं. "अर्थिंग ही गटार आहे का? उद्या पुढे कुठे ती वायर तुटली तर फ्रिजच्या पत्र्याला वीज येईल. वहिनी हात लावतील फ्रिजला, तू नाही." मी गप्प.

मग त्यांनी दारावरची गोल जंक्शन पेटी उघडली, तिथून एक काळी वायर लाकडी पट्टीतून खाली आणली. तासभर गेला. भिंतीला झिरी मारली नाही, धूळ नाही. पंख्याच्या बाबतीतही त्यांचंच ऐकलं. वेगही फोनवरून बदलायचा तर रेग्युलेटर काढून वेगळी, पंख्यासाठीची डबी घ्यावी लागते. (दिव्याचा डिमर पंख्याला जोडायचा नाही हे लक्षात असू द्या, मोटर गुणगुणते आणि तापते.) काका म्हणाले, रेग्युलेटर राहू दे, वहिनींना हाताने फिरवायची सवय आहे. तेव्हा फोनवरून फक्त चालू-बंद. आईच्या उशाशी सेलवर चालणारं एक छोटं बिनतारी बटण चिकटवलं. तिने ते दोनदा दाबून पाहिलं, दिवा लागला, गेला. "छान आहे रे," म्हणाली.

काका निघताना चहा पिता पिता एवढंच म्हणाले, "आता बटण खाली असलं तरी दिवा बंद असू शकेल, हे वहिनींना सांगून ठेव."

मी 'हो' म्हटलं. सांगितलं नाही. महत्त्वाचं वाटलंच नाही.

इथे थोडं विषयांतर. बटणाचा जो 'खट' आवाज होतो ना, तो शोभेसाठी नाही. सुरुवातीच्या काळातल्या बटणांत दोन धातू सावकाश दूर व्हायचे आणि मध्ये ठिणगी उडत राहायची. १८८४ मध्ये, म्हणजे आमच्या घराच्या वायरिंगच्या बरोबर शंभर वर्षं आधी, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन होम्स यांनी झटक्यात तुटणारं बटण बनवलं. तोच तो 'खट'. मराठीत बटणाला खटका म्हणणाऱ्या पिढीला हे न सांगता कळलं असणार. त्या खटक्याचा दुसरा गुण असा की तो आठवण ठेवतो. आपल्याकडे खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद. लाईट गेलेली असतानासुद्धा बटणाकडे पाहून कळतं की पंखा चालू ठेवला होता की नव्हता. अंधारात हात फिरवला तरी कळतं. काचेचे गुळगुळीत टच पॅनेल विकायला ठेवलेत त्यांत हे काहीच नाही. दुकानात मला तेच घ्या म्हणून मागे लागले होते. घेतलं नाही ही त्या दिवाळीतली माझी एकमेव शहाणी गोष्ट. पण आमच्या साध्या बटणाची स्मरणशक्तीही मी डबी बसवून काढून घेतली होती. फोनवरून पंखा बंद केला की बटण खालीच राहतं. पुन्हा लावायला ते वर करायचं. आता वर म्हणजे चालू. पुढच्या वेळी आणखी उलट. जिन्यातल्या टू-वे बटणांसारखं, फरक एवढाच की जिन्याचं दुसरं बटण त्याच घरात असतं. आमच्या हॉलच्या पंख्याचं दुसरं बटण पुण्यात होतं. माझ्या खिशात.

पहिले दोनतीन महिने सगळं मजेमजेत गेलं. मी हॉलच्या ट्यूबला 'सूर्यास्ताला लाग' असं वेळापत्रक लावून दिलं होतं. आई तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावते, मग हॉलची ट्यूब लावते आणि ट्यूबलाही हात जोडते. लहानपणी आम्हीही जोडायचो. तुमच्याकडेही असेल हे. आठवडाभराने फोनवर म्हणाली, "ती ट्यूब माझ्या आधीच लागते रे. मग मी ती घालवते आणि परत लावते." मला हसू आलं. वेळापत्रक काढून टाकलं. एकदा रात्री अडीचला गेलेली लाईट आली आणि दोन्ही खोल्यांतले दिवे आपोआप लागले. आई दचकून उठली. वीज परत आल्यावर डबीने काय करायचं ते ठरवता येतं, ते मी 'आधी होतं तसं' यावर ठेवायला विसरलो होतो. तेही बसल्या जागी फोनवरून दुरुस्त केलं आणि आपण किती लांबून घर सांभाळतो असं स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग एकदा सहज फोनवर विचारलं, "काल रात्री झोप लागली नाही का? पावणेतीनला दिवा लावलेलास, सव्वातीनपर्यंत चालू होता."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "तुला कसं कळलं?"

सांगितलं. सगळ्याची नोंद असते म्हटलं. "अस्सं," म्हणाली. मग नातवाची चौकशी केली.

२०२५ च्या एप्रिलात ऊन तापायला लागलं. दुपारी कामाच्या मधे फोन बघताना मला दिसायचं, हॉलचा पंखा चालू. आई दुपारी तिच्या खोलीत झोपते हे मला माहीत. म्हणजे हॉलचा पंखा विसरला असणार. करायचा बंद. एक बोट लावायचं काम. आठवड्यातून दोनतीनदा तरी केलं असेल. तिला कळवायचं कधी सुचलं नाही, यात कळवण्यासारखं काय? बाबा नाही का, खोलीतून कोणी बाहेर पडलं की मागून जाऊन पंखा बंद करायचे.

मे महिन्यात बायकोशी बोलताना आई म्हणाली की तिला हल्ली विसरायला होतं. डॉक्टरांना दाखवावं म्हणते. बायकोने मला सांगितलं तेव्हा पोटात खड्डा पडला. माझ्या आत्याचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग गॅस, मग माणसं. शेवटची चार वर्षं आत्या आईलाच आपली आई समजत होती, आणि तिचं सगळं आईने केलं. त्या शनिवारी मी साताऱ्याला गेलो.

आईने एक वही काढून दाखवली. वाण्याच्या हिशेबाची जुनी वही, तिच्या मागच्या पानांवर तारखा होत्या. बारीक, सुबक अक्षर. 'दु. १.२० हॉलमधे पंखा लावून आडवी झाले. २.०५ जाग आली, पंखा बंद. बटण खाली. मी बंद केला?' दुसऱ्या दिवशी, 'पंखा बंद. बटण वर. लाईट होती.' पुढे एके ठिकाणी नुसतंच, 'आज पण.' उन्हाळ्यात तिची खोली पश्चिमेची म्हणून तापते, त्यामुळे ती दुपारी हॉलमधल्या दिवाणावर झोपते. दर उन्हाळ्यात झोपते. मला हे माहीत असायला हवं होतं.

मी फोन काढला. त्या ॲपमध्येही वही असते. एप्रिलची ती तारीख शोधली. दुपारी २.०२, हॉल पंखा, बंद. पुढे माझं नाव.

वही आणि फोन शेजारीशेजारी ठेवून आम्ही पाच दिवसांच्या नोंदी जुळवल्या. पाचही जुळल्या. सहावी मी बघितली नाही.

मला वाटलं होतं ती चिडेल. ती आधी हसलीच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे तू होतास होय! मला वाटलं मी वन्संसारखी व्हायला लागले." आणि मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, "पण विचारायचं होतंस रे एकदा. पंखा हवाय का म्हणून."

एवढंच असतं तरी पुरे होतं. पण रात्री मी हॉलमध्ये झोपलो होतो आणि दोनच्या सुमाराला तिच्या पावलांचा आवाज आला. अंधारात, भिंतीला धरून. मी उठून दिवा लावला. "अगं उशाशी बटण आहे ना? चालत नाही का?" चालत होतं. तिने वापरणं सोडून दिलं होतं. "दिवा लावला की तुला तिकडे कळतं. उगाच काळजी करत बसतोस."

ज्या सहासात पावलांसाठी मी हा सगळा घाट घातला होता, ती पावलं ती माझ्यामुळे अंधारात टाकत होती.

आता माझं मत. ते कोणाला मागासलेलं वाटेल, वाटू दे. या वस्तू विकताना 'जगाच्या पाठीवर कुठूनही तुमच्या घरातला पंखा चालवा' असं सांगतात, आणि तोच तिचा मोठेपणा म्हणून आपण पैसे मोजतो. पण ज्या खोलीत आपण नाही त्या खोलीतला पंखा आपण का चालवायचा? खोली रिकामी असेल तर एक वेळ ठीक. खोलीत माणूस असेल तर त्याला गरम होतंय की गार हे त्याला माहीत. मला फोनवर 'चालू' एवढंच दिसत होतं, दिवाणावर झोपलेली आई दिसत नव्हती. बाबा मागून जाऊन पंखा बंद करायचे खरे, पण ते खोलीत जायचे. कोणी झोपलेलं दिसलं तर उलट पंखा एकने वाढवून, पाय न वाजवता परत यायचे.

आमच्यापैकी अनेकांचे आईवडील गावी आहेत आणि आपण पुण्यात, बंगळुरात, नाहीतर पार न्यू जर्सीत. काळजी खरी आहे, ती मी खोटी म्हणत नाही. पण मी जे बसवलं ते आईच्या सोयीसाठी किती आणि माझी काळजी मला गप्प करता यावी म्हणून किती, हे मी स्वतःला आधी विचारायला हवं होतं. रोज फोन करून "काय करतेस?" विचारायचं, त्यावर शेजारच्यांच्या सुनेपासून भोपळ्याच्या भावापर्यंत सगळं ऐकायचं, याला वीस मिनिटं लागतात. ॲप उघडून पंखा चालू आहे का पाहायला चार सेकंद. त्या वर्षात माझे फोन कमी झाले होते. हे मला आईने सांगितलं नाही, फोननेच सांगितलं, तिथेही नोंद असते.

विजेची बचत म्हणाल तर तो हिशेबही मांडून पाहिला. अशी डबी स्वतःच एक वॉटच्या आसपास खाते असं धरलं तरी वर्षाचे पावणेनऊ युनिट झाले. आमचा छताचा पंखा जुना, साधारण ७५ वॉटचा. मी आठवड्यातून तीनदा तासभर तो बंद केला, म्हणजे उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत फार तर दोन युनिट वाचले. त्यातही तो वापरात असलेला पंखा होता, म्हणजे ती बचत नव्हेच! त्याच जागी आता मिळतात ते बीएलडीसी मोटरचे पंखे ३० ते ३५ वॉट घेतात. दिवसाला दहा तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२० युनिट वाचतात, कोणाचीही झोप न मोडता. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर बीईईचे तारे सक्तीचे झाले आहेत, ते बघून घेता येतो. बटण शहाणं करण्यापेक्षा पंखा बदलणं केव्हाही बरं. शिवाय ज्या पिढीने खोलीतून बाहेर पडताना बटण बंद न करता राहणं हे पाप मानलं, तिच्या घरी विसराळूपणावरचं यंत्र बसवायला मी गेलो होतो. विसरतो आम्ही.

एका मित्राला हे सांगितलं तर तो तावातावाने भांडला. त्याच्या सासऱ्यांना पक्षाघात झाला, उजवा हात उचलत नाही. नुसतं तोंडाने सांगून दिवा लागतो म्हणून ते दिवसभर कोणावर अवलंबून नसतात. पटलं मला. अगदी पटलं. पण बघा, तिथे सांगणारा माणूस त्याच खोलीत आहे आणि तो पंखा त्याचाच आहे. गीझर किंवा टाकीवर पाणी चढवणारी मोटर कोणी लांबून बंद केली तर माझी तक्रार नाही, तिथे विसरलं तर धोका किंवा नासाडी आहे. माझं भांडण माणसाच्या डोक्यावर फिरणाऱ्या पंख्यापुरतं आणि त्याच्या उशाच्या दिव्यापुरतं आहे.

तंत्रज्ञानातलंही एक सांगून टाकतो. अमेरिकेत इन्स्टिऑन नावाची कंपनी हीच घरगुती बटणं विकत होती. एप्रिल २०२२ मध्ये तिचे सर्व्हर अचानक बंद झाले, गिऱ्हाइकांना आधी ना पत्र ना निरोप. लोकांची ॲप्स आणि वेळापत्रकं मेली. भिंतीवरची बटणं मात्र चालत राहिली, म्हणून घरं अंधारात गेली नाहीत. (पुढे जूनमध्ये काही गिऱ्हाइकांनीच मिळून ती कंपनी विकत घेतली आणि पुन्हा चालू केली, ती गोष्टही मजेशीर आहे, पुन्हा कधीतरी.) तेव्हा घ्यायचंच असेल तर भिंतीवरचं बटण शाबूत ठेवणारं घ्या, आणि इंटरनेट बंद करून ते चालतं का हे पैसे देण्याआधी पाहा.

रविवारी सकाळी वायरमन काका आले. मी काय झालं ते सांगितलं. 'मी म्हटलं होतं' असं ते म्हणाले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. हॉलच्या बोर्डातली डबी काढली, वायरी होत्या तशा जोडल्या, बटण खाली केलं, पंखा लागला. वर केलं, थांबला. आई दारात उभी राहून बघत होती. तिने पुढे येऊन स्वतः एकदा खाली-वर करून पाहिलं.

तिच्या खोलीतली डबी काढू का विचारलं तर नको म्हणाली. उशाचं बटण तिला आवडलंच होतं. मग माझ्या फोनवरून ते ॲप काढलं. खातं तिच्या फोनवर केलं, परवलीचा शब्द तिला ठरवायला सांगितला आणि तिने टाइप करताना दुसरीकडे तोंड केलं. "कळलं तरी चालेल रे तुला," ती म्हणाली. मी म्हटलं, नको.

जूनमध्ये हॉलला नवा पंखा बसवला. त्याला रिमोट आहे, टीव्हीसारखा. इंटरनेट वगैरे काही नाही, भिंतीपलीकडूनसुद्धा तो चालत नाही. आईने त्याला पहिल्याच दिवशी प्लास्टिकची पिशवी चढवून रबरबँड लावला. दुपारी दिवाणावर झोपताना तो तिच्या उशाखाली असतो. परवा गेलो होतो तेव्हा मला उकडत होतं म्हणून मी वेग वाढवायला रिमोट मागितला, तर म्हणाली, "मला गार वाजतंय. तू आत जाऊन झोप."